फिलिपने वाद घातला नाही



मतदानाचा विषय निघाला की मिस्सेनंतर चर्चच्या आवारात तीन-चार ठरलेली वाक्ये ऐकू येतात. ‘सगळे सारखेच.’ ‘आपण मूठभर, आपल्याला विचारतो कोण?’ ‘राजकारण म्हणजे चिखल, हात कशाला बरबटून घ्यायचे?’ असे बोलणारी माणसे वाईट नसतात, आळशीही नसतात. त्यांतली कित्येक नोव्हेनाला भर पावसात येतात, कुणाच्या घरी मयत झाली तर सगळ्यांत आधी पोहोचतात, सणाला आवार झाडायला न सांगता झाडू हातात घेतात. मात्र मतदानाच्या दिवशी ती घरात असतात, नाहीतर चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलेली असतात.

अशा माणसांशी कसे बोलावे, याचा विचार आम्ही धर्मशिक्षणाचे काम करणारी मंडळी पुष्कळ दिवस करत आहोत. आमचे मत असे झाले आहे की त्यांच्याशी वाद घालून काही हाती लागत नाही. वादात ते जिंकतात. राजकारणाविरुद्ध बोलायला रोजचे वर्तमानपत्र पुरते.

संत योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय आठवा. फिलिपला येशू भेटला आणि तो धावत नथनेलकडे गेला. नथनेल शास्त्र जाणणारा, सरळ मनाचा माणूस. पण नाझरेथचे नाव ऐकताच त्याने नाक मुरडले. त्या गावातून काही चांगले निघेल, हे त्याला पटेना. फिलिपने यावर काय केले? नाझरेथची बाजू मांडली नाही, गावातल्या चांगल्या माणसांची यादी वाचली नाही, ‘तू फार नकारात्मक आहेस’ असा टोमणाही मारला नाही. स्वतः येऊन बघ, एवढेच सांगितले. आणि नथनेल, मनातली शंका तशीच घेऊन, उठून गेला.

राजकारण हे आपल्यापैकी पुष्कळांचे नाझरेथ आहे. तिथून काही चांगले निघेल असे त्यांना वाटत नाही. ठीक आहे. ते वाटणे घेऊनच या. एकदा मतदान केंद्रात पाऊल टाका. फॉर्मवर नाव असणे किंवा टीव्हीवर निकाल पाहणे वेगळे, आणि स्वतःच्या पायांनी जाऊन रांगेत उभे राहणे वेगळे. आपण कॅथॉलिक माणसांना हे समजावून सांगायला नको. आपली श्रद्धा नुसती डोक्यात राहत नाही. पाणी अंगावर पडावे लागते, तेल कपाळाला लागावे लागते, गुडघे टेकावे लागतात. शरीराने केलेली गोष्ट मनाला मागाहून उमगते.

म्हणून जे कधी आत गेले नाहीत त्यांच्यासाठी, आत काय घडते ते जरा सावकाश सांगतो.

केंद्र बहुधा सरकारी शाळेत असते. भिंतीवर बाराखडीचे तक्ते, कोपऱ्यात लहान मुलांचे बुटके बाक. आत शिरल्यावर पहिला अधिकारी तुमचे ओळखपत्र पाहतो आणि यादीतले तुमचे नाव मोठ्याने वाचतो. मोठ्याने वाचण्याचे कारण साधे आहे. समोर वेगवेगळ्या पक्षांचे प्रतिनिधी बसलेले असतात आणि कुणी दुसऱ्याच्या नावाने आला असेल तर त्यांना हरकत घेता यावी. (आपली ख्रिस्ती नावे इकडच्या याद्यांत कोणत्या रूपात उमटतील याचा नेम नसतो, तेव्हा आधी एकदा तपासून ठेवलेले बरे.) पण त्या खोलीत, अनोळखी लोकांसमोर, स्वतःचे पूर्ण नाव उच्चारलेले ऐकणे ही लहान गोष्ट समजू नका. आपल्यातल्या किती बायकांचे पूर्ण नाव वर्षभरात कुणी मोठ्याने घेते? अमक्याची आई, तमक्याची मिसेस, कोपऱ्यावरच्या मावशी, अशीच त्यांची ओळख असते.

देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक 1951 च्या ऑक्टोबरपासून 1952 च्या फेब्रुवारीपर्यंत चालली. त्या वेळी मतदारयादी तयार करताना उत्तर आणि मध्य भारतात एक पेच उभा राहिला. लाखो बायका नोंदणी करणाऱ्याला आपले नाव सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी, असेच लिहून घ्या म्हणत. परक्या पुरुषाला नाव सांगायचे नाही, ही रीत होती. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवले की यादीत माणसाचे स्वतःचेच नाव हवे. तसे नाव न मिळाल्याने सुमारे 28 लाख बायकांची नावे यादीतून गळली. तेव्हा या निर्णयावर टीका झाली, आणि ती समजण्यासारखी आहे. 28 लाख हा काही थोडा आकडा नाही. तरी आम्हाला वाटते, सेन बरोबर होते. स्नानसंस्काराच्या वेळी धर्मगुरू आईवडिलांना पहिला प्रश्न बाळाच्या नावाचा विचारतात. कुणाचा मुलगा, कोणत्या घरचा, हे त्यानंतर. चांगला मेंढपाळ मेंढरांना एकेकाच्या नावाने हाक मारतो, असे प्रभू सांगतो. कळपाच्या नावाने नव्हे. पुढच्या निवडणुकांत त्या बायका नाव सांगून यादीत आल्या, आणि इंदूर-ग्वाल्हेरकडच्या आपल्या बहिणींच्या आज्या-पणज्यांपैकी काही जणी त्यांत असतील.

नाव वाचून झाले की दुसरा अधिकारी डाव्या हाताच्या तर्जनीवर शाई लावतो, नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतो आणि चिठ्ठी देतो. ही शाई आपल्याच राज्यात, म्हैसूरला, राज्य सरकारच्या रंग-वार्निशच्या कारखान्यात बनते. 1962 च्या निवडणुकीपासून देशभर तीच वापरतात. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असते, म्हणून धुऊन जात नाही. डॉक्टरच्या बोटावर तीच, हमालाच्या बोटावर तीच. राखेच्या बुधवारी आपण रांगेने वेदीपुढे जातो तेव्हा राख लावणारा हात समोरचे कपाळ कुणाचे हे पाहत नाही. त्या खुणेत आणि या खुणेत फरक अर्थातच मोठा आहे. एक पश्चात्तापाची, एक नागरिकत्वाची. पण ज्याने दोन्ही खुणा अंगावर घेतल्या आहेत त्याला त्यांच्यातला सारखेपणा लगेच जाणवेल.

तिसरा अधिकारी चिठ्ठी घेतो, यंत्र सुरू करतो, आणि तुम्ही पुठ्ठ्याच्या आडोशामागे जाता. तिथे तुम्ही एकटे. पसंतीच्या चिन्हासमोरचे निळे बटन दाबले की लाल दिवा लागतो, शेजारच्या पेटीच्या काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसते, लांब आवाज येतो, आणि झाले.

आम्ही थांबणार आहोत ते या आडोशापाशी. कारण मतदानावर आपल्यातले भाविक लोक जो सर्वांत वजनदार आक्षेप घेतात, त्याचे उत्तर तिथे आहे, असे आम्हाला वाटते. ते म्हणतात, बहुमताचे काय सांगता? पिलाताने लोकांना विचारले तेव्हा बहुमताने बरब्बाच निवडला. गुड फ्रायडेला दरवर्षी आपणच तो जमाव होऊन ओरडतो!

आक्षेप खरा आहे. पण त्या दिवशी काय झाले ते नीट पाहा. मुख्य याजकांनी लोकांमध्ये फिरून त्यांना चिथावले होते. प्रत्येक जण शेजाऱ्याच्या आवाजात आवाज मिसळत होता. वेगळे बोलणाऱ्याला शेजाऱ्यांनी तिथेच धरले असते. सभोवती एवढी माणसे, आणि एकालाही क्षणभर एकटे उभे राहून विचार करायची सोय नव्हती. त्याला निवडणूक म्हणता येणार नाही. तो गोंगाट होता. शाळेतला तो पुठ्ठ्याचा आडोसा याच गोंगाटावरचा इलाज आहे. तिथे नवरा डोकावू शकत नाही, मालक नाही, पुढारी नाही, आणि फादरही नाहीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली, आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात, सदसद्विवेकाचे वर्णन माणसाच्या अंतरीचा गाभारा अशा अर्थाने केले आहे. तिथे माणूस देवासमवेत एकटा असतो. त्याच दस्तऐवजात पुढे नागरिकांना मतदानाच्या हक्काची आणि कर्तव्याची आठवणही दिली आहे. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाचा परिच्छेद 2240 त्याहून स्पष्ट आहे. कर भरणे आणि मतदान करणे ही नैतिक बांधिलकी म्हणून तो एका दमात सांगतो. कर चुकवणाऱ्याला आपण नावे ठेवतो. मत चुकवणारा मात्र ‘आपल्याला त्यात रस नाही’ असे अभिमानाने सांगतो, आणि आपण हसून मान डोलावतो.

आता बाहेरच्या रांगेविषयी. आमच्या मते आतल्या यंत्राइतकीच ती महत्त्वाची आहे. ब्रिटिशांच्या 1935 च्या कायद्यात भारतीय ख्रिस्ती लोकांना काही प्रांतांत वेगळे मतदारसंघ होते. म्हणजे ख्रिस्ती उमेदवाराला ख्रिस्ती मतदारानेच मत द्यायचे. स्वातंत्र्यानंतर घटना लिहिली जात असताना प्रश्न आला की अल्पसंख्याकांना विधिमंडळात राखीव जागा ठेवायच्या का. घटना समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे बंगाली ख्रिस्ती गृहस्थ होते, आणि अल्पसंख्याकांच्या उपसमितीचे अध्यक्षही तेच. मद्रासहून येशूसंघीय फादर जेरोम डिसूझा समितीवर होते. या मंडळींनी ख्रिस्ती समाजासाठी वेगळ्या जागांचा आग्रह धरला नाही. 1949 च्या मे महिन्यात धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा रद्द झाल्या. आपल्या वडीलधाऱ्यांनी शेजाऱ्यांवर भरवसा टाकला आणि आपली माणसे सर्वांच्या रांगेत उभी केली.

तो निर्णय चुकला असे म्हणणारे आजही आपल्यात आहेत, आणि त्यांच्या मनातली भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण भरवसा ठेवून मिळालेल्या त्या रांगेत जायचेच नाही आणि मग आपल्याला कुणी विचारत नाही म्हणायचे, हे जमत नाही. आपण मूठभर आहोत म्हणून तर रांगेत दिसायला हवे. तिथे पुढे लिंगायत आजोबा असतात, मागे मुस्लिम शेजारीण, बाजूला मराठा तालमीतली पोरे. तास-अर्धा तास एकत्र उन्हात उभे राहावे लागते. कुणी पाण्याची बाटली पुढे करतो. सीमाप्रश्नावर इथे प्रत्येकाचे ठाम मत आहे आणि ते दुसऱ्याच्या मतासारखे असेलच असे नाही, तरी ‘आजी, तुम्ही पुढे व्हा’ हे कानडीत आणि मराठीत सारख्याच आपुलकीने म्हटले जाते. राजकारण म्हणजे टीव्हीवरची आरडाओरड, अशी ज्याची समजूत आहे त्याने ही रांग पाहिलेली नसते.

मताची किंमत पटवायला लोक एका मताने फिरलेले निकाल सांगतात. असे खरोखर घडले आहे. 2004 च्या कर्नाटक विधानसभा निवडणुकीत संतेमरहळ्ळी मतदारसंघात एका उमेदवाराला 40,752 मते मिळाली आणि दुसऱ्याला 40,751. पण आम्हाला हा दाखला फारसा आवडत नाही. असे क्वचितच होते, आणि तुमचे मत निर्णायक ठरले तरच ते मोलाचे, असा चुकीचा समज त्यातून होतो. मंदिराच्या दानपेटीत दोन नाणी टाकणाऱ्या विधवेच्या पैशांनी मंदिराचा हिशेब बदलला नव्हता. प्रभूने तरीही शिष्यांना जवळ बोलावून तिच्याकडे बोट दाखवले. त्याउलट दुसरा दाखला आम्हाला प्रिय आहे. गुजरातेत गीरच्या जंगलात बाणेज नावाच्या जागी एका महंतांसाठी वर्षानुवर्षे स्वतंत्र मतदान केंद्र उघडले गेले. मतदार एक. त्या एकासाठी अधिकारी, यंत्र, शाई, पोलीस, सगळे सिंहांच्या जंगलात जाते. नव्याण्णव मेंढरे सोडून एकाच्या मागे जाणाऱ्या मेंढपाळाचा दाखला आपण इतक्या वेळा ऐकला आहे की त्याचे नवल वाटेनासे झाले आहे. बाणेजची गोष्ट ऐकली की पुन्हा वाटते.

‘आमचे राज्य या जगाचे नाही’ म्हणून घरी बसणारेही काही जण आहेत. प्रभूने तशा अर्थाचे उत्तर दिले ते राज्यपालासमोर उभे राहून, चौकशीला सामोरे जाताना. घरात कडी लावून नव्हे. कोणीच उमेदवार पसंत नसेल तर 2013 पासून यंत्रावर ‘यांपैकी कोणीही नाही’ हे बटन आहे. त्याने निकाल बदलत नाही, हे खरे. पण तुम्ही आला होता आणि तुम्हाला कुणी पसंत नव्हते, एवढे मोजले जाते. घरी बसलेल्याची नापसंती आणि झोप यांत मोजणाऱ्याला फरक करता येत नाही. आणि गोव्याला जाणाऱ्यांसाठी एवढेच, की 2024 मध्ये 7 मे रोजी बेळगावात मतदान होते त्याच दिवशी गोव्यातही होते. दारूची दुकाने तिथेही बंद!

आता आपल्या स्वतःच्या मर्यादा. मतदान करा असे सांगणे हे आपले काम. कुणाला, हे नाही. वेदीवरून नको, मिस्सेनंतरच्या गप्पांत धर्मशिक्षकाच्या तोंडून नको, धर्मग्रामाच्या व्हॉट्सअॅप गटावर तर मुळीच नको. धर्माच्या नावाने मत मागणे 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार भ्रष्टाचार ठरतो. कायदा नसता तरी त्या पुठ्ठ्याच्या आडोशात डोकावण्याचा अधिकार आपल्याला नव्हता. कुणा मावशींना केंद्रावर न्यायचे असेल तर आपल्या स्कूटरवरून न्या, रिक्षाचे पैसे घरातून द्या, उमेदवाराने पाठवलेल्या गाडीत बसवू नका. घरकामाला किंवा दुकानात जाणाऱ्या आपल्या बहिणींना आणखी एक गोष्ट सांगायची आहे. मतदानाच्या दिवशी पगारी सुटी हा रोजंदारीवर असलेल्यांचाही हक्क आहे. आपल्या घरी कुणी कामाला येत असेल तर सुरुवात आपल्यापासून.

25 जानेवारीला आपण संत पौलाच्या परिवर्तनाचा सण पाळतो. 1950 साली त्याच तारखेला निवडणूक आयोग स्थापन झाला, आणि 2011 पासून तो राष्ट्रीय मतदार दिवस आहे. हा योगायोगच, पण पौलाला शोभणारा. फिलिप्पै इथे चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकले, आणि सकाळी गुपचूप सोडून देऊ लागले, तेव्हा तो निघेना. आम्ही रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे, असे त्याने कळवले. स्वर्गाचे नागरिकत्व त्याला इतर कुणाहून जास्त प्रिय होते, तरी हातातले नागरिकत्व त्याने टाकून दिले नाही.

यापुढे महिन्याच्या एका रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर सभागृहात आम्ही टेबल मांडून बसू. अठरा पूर्ण झालेल्यांसाठी फॉर्म 6, घर बदललेल्यांसाठी फॉर्म 8. योसेफाला नावनोंदणीसाठी गरोदर मरियेला घेऊन पूर्वजांच्या गावी बेथलेहेमला जावे लागले. बंगळूर-पुण्याला स्थायिक झालेल्या आपल्या मुलांना एका फॉर्ममध्ये नाव तिकडे नेता येते. चौकशीसाठी 1950 हा क्रमांकही आहे. दृष्टी नसलेल्यांना आत जाताना सोबती नेता येतो, हे पुष्कळांना ठाऊक नाही, तेही विचारून घ्या.

आणि ज्याने कधीच मत दिले नाही असा एक माणूस प्रत्येकाने हेरून ठेवावा. त्याला उपदेश नको. मतदानाच्या आदल्या रात्री फोन करून ‘सात वाजता तुझ्या दारात येतो’ एवढे सांगा आणि खरोखर जा. मे महिना असेल तर नऊनंतर शाळेच्या पत्र्याखाली उभे राहवत नाही. पाण्याची बाटली घ्या, ओळखपत्र घ्या, मोबाइल घरी ठेवा. त्याची शाई वाळेपर्यंत फाटकाशी थांबा, आणि परतताना कॅम्पात कुठेतरी चहा प्या. कुणाला मत दिलेस, हे मात्र विचारू नका.